घुशीचा बंदोबस्त

आमच्या सोसायटीच्या इतिहासात आजवर दोनच सभा गाजल्या. एक पाण्याच्या टाकीचं झाकण चोरीला गेलं तेव्हाची आणि दुसरी घुशीची. पहिल्या सभेत भांडण झालं, पण ते निदान सर्वांचं मिळून एका विषयावर झालं. दुसऱ्या सभेत निम्मे सभासद एका विषयावर भांडत होते आणि उरलेले निम्मे दुसऱ्याच. आणि हे ध्यानात यायला आम्हांला पाऊण तास लागला.

त्याचं असं झालं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद मला कर्तबगारीमुळे मिळालं असा कोणाचा गैरसमज नको. निवृत्त माणूस, अक्षर बरं, आणि दुपारी घरात नसला तर बायकोची हरकत नाही, एवढ्या भांडवलावर आमच्याकडे सेक्रेटरी होता येतं. पावसाळ्याच्या तोंडावर घुशींनी मागची गटाराची भिंत पोखरली. फरशा खचल्या. एका घुशीने वॉचमनच्या खुर्चीखालीच बीळ केलं आणि एका रात्री वॉचमन खुर्चीसकट चार इंच खाली गेला. (त्याची झोप मोडली नाही, हा मुद्दा निराळा.) तेव्हा मी विषयपत्रिकेवर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'विषय क्रमांक 3 : घुशीचा बंदोबस्त करणे व त्याकरिता रुपये 5,000 मंजूर करणे.'

आमचे खजिनदार उत्तरेकडचे. अत्यंत सज्जन आणि हिशेबाला इतके चोख, की एक रुपया जमत नसेल तर रात्री साडेदहाला दार वाजवतात. ते विषय वाचून उभे राहिले आणि म्हणाले, "सेक्रेटरीसाब, ये बात कागज पर मत लाइए."

मी म्हटलं, "क्यों? पिछले साल भी लाया था."

"पिछले साल भी दी थी?"

"दी नहीं, पकडी थी. दो पकडी थी. गटर के पास."

खजिनदार मटकन खाली बसले. "और इस साल?"

"इस साल बहुत बढ गयी है," मी म्हटलं. "इतनी मोटी घूस मैंने जिंदगी में नहीं देखी. जिने के नीचे से आती है, रात को. सब को मालूम है."

यावर एका सभासदाने असल्या गोष्टी शेवटी सगळीकडे चालतातच, आपणच साधुसंत का व्हायचं, असं मत मांडलं. दुसऱ्याने आपण हे पाप करणार नाही, हवं तर बिल्डिंग पडू दे, असं बाणेदारपणे सांगितलं. तळमजल्यावरचे काका ओरडले, "पडेलच! पाया खाल्लाय त्यांनी!" त्यावर खजिनदारांनी विचारलं, "कौन खाता है? नाम बताइए!"

पाऊण तासाने कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. हिंदीत घूस म्हणजे लाच. आमची घूस चार पायांची, तुमची बिनपायांची, आणि दोघीही पाया पोखरतात, अशी मी कोटी केली. ती कोणालाच आवडली नाही. मंजुरी मात्र मिळाली.

आता आनंदनगरात असे घोटाळे व्हायचेच. अंबरनाथच्या पूर्वेची ही वस्ती एमआयडीसीच्या आधाराने वाढलेली. जवळच शिलाहारांनी बांधलेलं 1060 सालचं शिवमंदिर. त्याच्या शेजारून वालधुनी वाहते. वाहते असं आपलं म्हणायचं. पलीकडे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन पडले आणि 1949 साली राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बराकी गेल्या, तरी 'कॅम्प नंबर चार' हा पत्ता शिल्लक आहे. त्यात कारखान्यांमागे आंध्रातली माणसं आली, बिहार-उत्तर प्रदेशातली आली, घाटावरची आम्ही मंडळी तर होतोच. आमच्या एका जिन्यावर सहा भाषा राहतात आणि सगळ्यांचे उंदीर सामाईक आहेत.

खरा पेच पुढे आला. पेस्ट कंट्रोलवाल्यांनी एक फॉर्म पाठवला. इंग्रजीत. त्यात 'आपला उपद्रवी प्राणी कोणता?' या सदराखाली तीन चौकोन. रॅट, माऊस, बँडिकूट. प्रत्येकाचा दर वेगळा. चुकीच्या चौकोनात खूण केली तर सोसायटीचे पैसे पाण्यात, आणि साडेदहाला दार वाजणार. मी जन्मभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केलेला माणूस. खिळ्याचे अठरा प्रकार मला तोंडपाठ. पण रॅट आणि माऊस यांत फरक काय, हे मी सत्तरी ओलांडेपर्यंत स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. शाळेत आमच्या मास्तरांनी दोन्ही शब्दांपुढे 'उंदीर' लिहून दिलं, आणि आम्ही ते ब्रह्मवाक्य मानून चाललो.

नातवाला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, माऊस छोटा आणि क्यूट असतो, रॅट मोठा आणि घाणेरडा." इंग्रजी माध्यमाची एवढी फी भरून मिळालेलं हे ज्ञान, पण पुढे जे काही वाचलं त्यावरून सांगतो, पोरगं फारसं चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी वाचनालयात जाऊन कोश उघडून बसू लागलो. घरी त्याला 'उंदरांचा नाद' असं नाव पडलं.

माऊस हा शब्द पाहिला आणि जुना नातेवाईक अचानक फलाटावर भेटावा तसं झालं. इंग्रजी माऊस, लॅटिन मूस, ग्रीक मूस, आणि आपला संस्कृत मूष, मूषक ही सगळी एका घरची लेकरं. कित्येक हजार वर्षांपूर्वी ज्या भाषेतून या सगळ्या भाषा निघाल्या, तिच्या बोलणाऱ्यांच्या धान्यातही उंदीर होते, आणि घर सोडताना प्रत्येक भावाने तेवढं नाव बरोबर नेलं. संस्कृतात मुष् म्हणजे चोरणे. म्हणजे गणपतीच्या पायाशी जो बसतो त्याचं नावच मुळी चोर. अमरकोशात त्याला उन्दुरु आहे, मूषिक आहे, आखुही आहे. आपला उंदीर आला त्या उन्दुरुवरून. मूषक मात्र देवळात आणि सरकारी फायलीत राहायला गेला. मुंबई महानगरपालिकेत रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारायला निघणारे कामगार आहेत, रात्रीत तीस मारायचे असा त्यांचा हिशेब. त्यांचं पद 'मूषक संहारक'. उंदीर मारला तर तो नुसता मेला. मूषकाचा संहार झाला की त्यात पुराणातला काहीतरी भाग येतो आणि भत्ताही मिळत असावा.

लॅटिनमध्ये मूसला लाडाने मुस्कुलुस म्हणत, म्हणजे उंदरुला. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी टुणकन हलतं, ते रोमन लोकांना उंदराच्या पिल्लासारखं वाटलं. त्यावरून इंग्रजीत मसल आलं. आता आपण त्याच फुगवट्याला काय म्हणतो? बेडकुळी! रोमन पहिलवानाच्या दंडात उंदीर आणि आमच्या तालमीतल्या गड्याच्या दंडात बेडूक. पोटाचंही तसंच. भूक लागली की हिंदी माणसाच्या पोटात चूहे कूदतात, आपल्या पोटात कावळे ओरडतात. खजिनदारांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "कौआ अंदर जाता कैसे है?" मला उत्तर देता आलं नाही.

नातवाच्या टेबलावरचा माऊस 1960 नंतरच्या दशकातला. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने तो कल्पिला, पहिला लाकडाचा होता, मागे शेपटासारखी वायर, म्हणून माऊस. 1968 च्या डिसेंबरात त्याने तो जगाला दाखवला. आताच्याला शेपूटही नाही. सरकारी मराठीनेसुद्धा त्याचा मूषक करण्याचा फारसा आग्रह धरला नाही, याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत. 'मूषकावर उजवी टिचकी मारा' असं कोणी म्हटलं असतं तर गणेशोत्सव मंडळांनी मोर्चा आणला असता.

रॅटचं प्रकरण मात्र निराळं आहे. रॅट हा इंग्रजीत शिवीच. घाबरट माणूस माऊस, फितूर माणूस रॅट. संशय आला तर त्यांना रॅटचा वास येतो. संपात कामावर जाणारा रॅट. बुडत्या जहाजावरून उंदीर आधी पळतात या समजुतीवरून पक्ष बदलणाराही रॅट. या शेवटच्या अर्थी मराठीत सध्या कोणता शब्द वापरावा हे मी लिहीत नाही. सोसायटीत सगळ्या पक्षांचे लोक आहेत. नोकरीतल्या धावाधावीला ते रॅट रेस म्हणतात. आम्ही 7 वाजून काही मिनिटांच्या लोकलला लटकून चाळीस वर्षं जे केलं ते तेच. पण शर्यत म्हणजे कोणीतरी पहिला येतो असा माझा समज होता.

रॅटला शिवी देऊन भागलं नाही तेव्हा त्याला परका ठरवण्यात आलं. काळा उंदीर तिकडे पूर्वीपासून होता. अठराव्या शतकात तांबूस, दांडगा उंदीर आला. इंग्लंडात त्याच सुमारास जर्मनीतल्या हॅनोव्हरहून राजा आला होता, 1714 साली. ज्यांना राजा नको होता त्यांनी ठरवलं, हा उंदीर राजाच्या जहाजातून आला. आणि त्याला हॅनोव्हरी उंदीर म्हणू लागले. 1769 मध्ये बर्कनहाउट नावाच्या विद्वानाने नाव दिलं नॉर्वेचा उंदीर. वास्तविक तो मूळचा मंगोलिया, चीन इकडचा. नॉर्वेने काही केलेलं नव्हतं. तरी आजही शास्त्रात तो 'रॅटस नॉर्व्हेजिकस' आहे. आणि काळा उंदीर, ज्याला इंग्रज आपला घरचा समजत होते, तो? तो मूळचा भारतातला. रोमन काळापर्यंत जहाजांच्या वाटेने युरोपात पोचलेला. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, शिवाय तिकडे जाऊन नाव काढलं.

तिसरा चौकोन होता बँडिकूट. हा शब्द मला अगदी विलायती वाटला. कोटाचा काहीतरी प्रकार असावा तसा. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू अम्मा भेटल्या. मी विचारलं, "अम्मा, बँडिकूट मालूम है?" त्या क्षणभर थांबल्या, मग हसत सुटल्या. "पंदिकोक्कु!" म्हणाल्या. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. डुक्करउंदीर! इंग्रजांनी तेलुगू मुलखात घूस पाहिली, नाव विचारलं, आणि त्यांच्या जिभेने ते बँडिकूट केलं. पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात त्यांना लांब नाकाचा, पोटाला पिशवी असलेला एक अगदी वेगळा प्राणी दिसला. हाताशी शब्द होता, तोच त्याला चिकटवून टाकला. ते बिचारं उंदराच्या कुळातलंसुद्धा नाही. आणि आपल्या घुशीला शास्त्रज्ञांनी लॅटिन वेष चढवून 'बँडिकोटा' केलं. आमच्या गटाराजवळची घूस अशी लॅटिन कपड्यातली तेलुगू बाई आहे, हे मी पुढच्या सभेत सांगणार होतो. सौ.ने हात जोडले.

मी तिसऱ्या चौकोनात खूण केली. तेवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण इतके दिवस उंदरांची नावं घोळवता घोळवता मला आजीचं बोलणं आठवायला लागलं होतं.

आमची आजी उंदराला उंदीर म्हणत नसे. जिवंत उंदीर दिसला तर 'बाप्पाचं वाहन गेलं बघ'. कपाटात खुडबुड झाली तर 'मामा आलेत'. 'उंदीर' हा शब्द ती फक्त मेलेल्या उंदरासाठी राखून ठेवी, आणि तो शब्द ती उच्चारत नसे, ओरडत असे. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत राहायचो. बत्तीस बिऱ्हाडं. मेलेला उंदीर दिसला की आजी पदर खोचून चाळीच्या मधोमध उभी राही आणि खणखणीत आवाजात ओरडे, "उंदीर पडला हो! उंदीर पडला!" मग सगळ्या दारांवर थाप मारत जाई. पोरंटोरं हसायची. माझे मित्र मला शाळेत त्याच आवाजात हाक मारायचे. मला इतकी लाज वाटायची, की मांजराने उंदीर मारलेला दिसला तर मीच आजीच्या आधी तो कागदात गुंडाळून फेकून यायचो. एकदा तिने मला तसं करताना पाहिलं. आयुष्यात तिने मला तेवढी एकदाच थोबाडीत मारली.

हे 1963-64 च्या सुमाराचं. तेव्हा उल्हासनगरहून एक सिंधी म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन चाळीत पापड विकायला यायची. तिला मराठी येत नव्हतं, आजीला सिंधीच काय, धड हिंदीही येत नव्हतं. बोटांवर भाव व्हायचा. एक दिवस म्हातारी पापड मोजत बसली असताना नळाजवळ उंदीर सापडला आणि आजी नेहमीसारखी ओरडली. म्हातारीने त्या उंदराकडे पाहिलं, आजीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि टोपली तिथेच टाकून जी उठली ती थेट फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. तिथून आजीला हाताने बोलवायला लागली. आजी गेली. दोघी फाटकाबाहेर उन्हात किती तरी वेळ उभ्या होत्या. आम्ही पोरं आत पापड खात होतो. नंतर कोणी तरी दुभाषाचं काम केलं तेव्हा कळलं, म्हातारी कराचीची.

तेव्हा मला कराचीचा आणि उंदराचा संबंध काय, हे ठाऊक नव्हतं. आता वाचलं. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवीमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांत तो कराचीला, पुण्याला पोचला. विद्वान त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत, साधी माणसं गाठीचा ताप. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. घरात शिरून तपासणी करणाऱ्या सोल्जरांचा जाच झाला आणि 22 जूनला रँडचा खून झाला. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. हा इतिहास आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्या सगळ्या धामधुमीत प्लेग पसरतो कसा, हे कोणाला कळत नव्हतं. हवेतून, धान्यातून, घाणीतून, नाना तर्क होते. उंदीर आधी पडतात हे खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांना दिसत होतं. डॉक्टरांतही काहींना दिसत होतं, पण उंदरापासून माणसापर्यंत मधला दुवा सापडत नव्हता.

तो सापडला कराचीत. पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर. 1898 च्या जूनमध्ये कराचीच्या रेनॉल्ड्स हॉटेलात त्याने एका मोठ्या बरणीत प्लेगने आजारी उंदीर ठेवला. तो मरायला टेकल्यावर शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. एकमेकांना शिवता येऊ नये, पण पिसवांना उडी मारता यावी, इतकंच अंतर. पिसवा कमी पडल्या, तर हॉटेलात हिंडणाऱ्या मांजराच्या अंगावरच्या काढून घातल्या. आजारी उंदीर मेला, त्याचं अंग थंड पडलं, पिसवा निघून दुसऱ्यावर गेल्या, आणि पाच दिवसांनी तोही मेला. उंदराला मांजर साक्ष ही म्हण आपल्याकडे खोट्या साक्षीदारासाठी आहे. विज्ञानाच्या इतिहासात मांजराने उंदराची एवढी खरी साक्ष दुसऱ्यांदा दिली नसेल. तरी सिमाँचं कोणी ऐकलं नाही. सात-आठ वर्षं गेली, मग मुंबईत प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत हजारो उंदीर चिरून तेच सिद्ध केलं. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: आधी गटारातले तांबूस उंदीर पडतात, मग घरातले काळे, आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी माणसं. म्हणजे कुठला उंदीर पडला हे नीट सांगता येणं, हा नुसता कोशाचा प्रश्न नव्हता. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

आजीची गोष्ट मला वडलांनी सांगितली, ती गेल्यावर.

आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. घाटावरचं लहान गाव. तोवर लोक एवढं शिकले होते, की उंदीर पडला म्हणजे घरं सोडायची आणि माळावर झोपड्या करून राहायचं, महिना-दोन महिने. उंदीर पडला, हे दोन शब्द कोणी बोललं की सगळं गाव उठायचं. घरात आजीच्या थोरल्या बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. धान्य भरलेलं, मांडवाचे वासे आणून टाकलेले. आजी आणि तिचा भाऊ, तो तेरा वर्षांचा, उतरंडीमागे काहीतरी शोधत होती, तर तिथे उंदीर पडलेला. भाऊ म्हणाला, बोलू नकोस. बोललीस तर गाव उठेल, लग्न मोडेल. बारका तर आहे. मांजराने मारला असेल. त्याने तो शेपटीला धरून उकिरड्यात नेऊन टाकला आणि आजीने तोंड मिटून घेतलं.

हळदीच्या दिवशी भावाला ताप भरला. जांघेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्यानंतर बहीण, मग शेजारची दोन घरं.

आजीने हे कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. म्हातारपणी एकदा माझ्या वडलांना सांगितलं, तेसुद्धा मला थोबाडीत मारल्याच्या रात्री, तुझ्या पोराला का मारलं हे तुला ठाऊक असावं म्हणून.

उंदीर पडला हे इंग्रजीत कसं सांगायचं, याचा मी बराच विचार केला. रॅट फेल? त्याने काहीच होत नाही. कुठून पडला, असंच कोणीही विचारील. त्यांच्याकडेही चौदाव्या शतकात याच रोगाने कित्येक गावं ओस पडली होती, पण त्या आठवणीने त्यांच्या भाषेत उंदराला फक्त शिव्या दिल्या. धोक्याची सूचना देणारा म्हणून त्याच्या नावावर काही जमा नाही. आपल्याकडे 1994 साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर पडायला लागले तेव्हा ते बोललं गेलं, छापून आलं. त्यापाठोपाठ सुरतेची बातमी आली आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. मी त्या वेळी लोकलमध्ये तोंडाला रुमाल बांधून उभा होतो आणि आजूबाजूचे तरुण हसत होते. 2005 च्या जुलैत उल्हास नदी बदलापुरात घुसली. त्या पावसाच्या पाठोपाठ मुंबईत लेप्टोची साथ आली. तोही रोग पुष्कळदा उंदराच्या मुताने पाण्यात जातो. मल्याळीत त्याला सरळ एलिप्पनी म्हणतात, उंदीरताप. आपण लेप्टो म्हणतो. त्यात उंदीर ऐकू येत नाही.

उंदीर मोजण्याच्या बाबतीत मात्र आपण कोणाला हार जाणार नाही. 2018 च्या मार्चमध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत हिशेब मांडला, की मंत्रालयात सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारल्याचं कागदावर आहे. मग खुलासा आला, की तो आकडा उंदरांचा नसून विषारी गोळ्यांचा आहे. होरेस या रोमन कवीच्या डोंगराला प्रसूतीच्या कळा येऊन उंदीर झाला होता. आपल्याकडे डोंगर पोखरून काढावा लागतो, आणि पोखरणं म्हटलं की कंत्राट आलं. खजिनदारांना हा किस्सा सांगितल्यावर त्यांनी आमच्या पेस्ट कंट्रोलच्या बिलावर मेलेल्या घुशींची संख्या लिहून मागितली. पुरावा म्हणून शेपट्या नकोत, एवढं मात्र मी कबूल करून घेतलं.

तसं रॅटच्या बाजूने इंग्रजीत काहीच नाही असं मी अलीकडेपर्यंत म्हणत होतो. मग 2023 च्या नोव्हेंबरात उत्तराखंडात सिलक्याराच्या बोगद्यात 41 मजूर सतरा दिवस अडकले, मोठमोठी यंत्रं मोडली, आणि शेवटचे काही मीटर हातांनी खणून त्यांना बाहेर काढलं त्या माणसांचं नाव वर्तमानपत्रांत आलं, रॅट होल मायनर्स. त्या दिवशी टीव्हीपुढे खजिनदारांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या जिल्ह्यातले मजूरही आत होते.

घुशींना औषध घातलं. औषध घुशींसाठी होतं, पण उंदीरही खातात. त्यांना चौकोन वाचता येत नाहीत. परवा सकाळी दूध आणायला निघालो तर मीटरच्या पेटीखाली एक उंदीर मरून पडलेला. काळा, घरातला. औषधाने मेला हे मला पक्कं ठाऊक होतं. फॉर्म मीच भरला होता. कागद शोधायला खिशात हात घातला, आणि काय झालं कोण जाणे, जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मी ओरडलो, "उंदीर पडला हो! उंदीर पडला!"

आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला असावा. घरातून सौ. म्हणाली, "अहो, काय हे, लोक झोपलेत." तिसऱ्या मजल्यावरच्या अम्मांनी कठड्यावरून खाली डोकावून पाहिलं. आणि खजिनदार बनियनवर, एका पायात चप्पल, हातात आयोडेक्सची बाटली घेऊन धावत खाली आले.

"कौन गिरा?" म्हणाले. "ज्यादा लगी तो नहीं?"